कन्यादानाला आई एकटी बसली तर?

पत्र:

‘ताई, मार्गशीर्षात माझं लग्न आहे. मुलगा मीच पसंत केलेला, दोन्ही घरं राजी. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. आईनं शिवणकाम करून आम्हा दोघी बहिणींना शिकवलं. आता काका म्हणतात, कन्यादान जोडप्यानंच करायचं असतं, म्हणून ते आणि काकू बसतील. हळदीला आणि ओटी भरायलाही आईनं पुढे होऊ नये, चार लोक नावं ठेवतात. मला तर मुळात कन्यादानच नको आहे. मी काही कुणाला द्यायची वस्तू नाही. पण तसं म्हटल्यावर आई रडायलाच लागली. तिला ते स्वतःच्या हातानं करायचं आहे. होणाऱ्या सासूबाई प्रेमळ आहेत, सगळं विधिवत व्हावं एवढंच त्यांचं म्हणणं. या विधींचा मूळ अर्थ काय, त्यातलं काय सोडलं तर चालेल, आणि मला भाऊ नाही तर कानपिळीचं काय करायचं, ते सांगाल का?
– एक लेक, जिल्हा सातारा’

प्रिय लेकी,

आईचा प्रश्न आधी घेते. तो सुटला की बाकीचे बरेचसे आपोआप सुटतील.

काका सांगतात ती रीत आपण सगळ्यांनीच कार्यालयांमध्ये पाहिली आहे, त्यामुळे ती शास्त्रातलीच असणार असं वाटतं. शास्त्रात वेगळं आहे. याज्ञवल्क्य स्मृतीच्या आचाराध्यायात मुलीचं दान कुणी करावं याचा क्रमच दिला आहे: ‘पिता पितामहो भ्राता सकुल्यो जननी तथा’. वडील, आजोबा, भाऊ, कुळातलं कुणी, आणि आई. आधीचा नसेल तर पुढच्यानं करावं, असं लगेच पुढे म्हटलं आहे. आता नीट बघ. वडील धडधाकट हयात असताना आईवर ही पाळी येतच नाही. म्हणजे स्मृतिकारानं जिचं नाव या यादीत घातलं, ती बहुतेक वेळा नवरा गेलेलीच बाई असणार. तिला त्यानं बाजूला काढलेलं नाही, अधिकार दिला आहे.

काका म्हणतील, सकुल्य आईच्या आधी येतो आणि मी सकुल्य आहे. बरोबर आहे त्यांचं. पण मग त्यांनी ‘माझा मान आधी’ असं म्हणावं, ‘तिला चालत नाही’ असं म्हणू नये. या दोन्हींत फार अंतर आहे. मान स्वखुशीनं सोडता येतो. आणि जोडप्याची अट तर त्या श्लोकात कुठेच नाही; यादीतला प्रत्येक जण एकेकटाच सांगितला आहे. उलट पुढच्याच श्लोकात म्हटलं आहे की देणारं कुणीच नसेल तर मुलीनं आपला वर आपणच निवडावा.

जोडपं कुठून आलं, तेही सांगते. धर्मकृत्यात यजमानासोबत पत्नी बसते, हा जुना रिवाज. आपल्याकडे कन्यादानात वडील मुलीचा हात वराच्या हातावर धरतात आणि आई वरून पाण्याची धार सोडते. पिढ्यान्‌पिढ्या हेच पाहत आल्यामुळे त्याशिवाय विधी अपुरा आहे असं वाटू लागतं. तुझ्या आईनं हात धरावा आणि धार तुझ्या धाकट्या बहिणीनं सोडावी. काही अडत नाही.

एक गोष्ट मात्र तुला स्पष्ट सांगितली पाहिजे. जुने ग्रंथ सगळीकडे आपल्या बाजूनं बोलतात असं समजू नकोस. विधवेनं कसं राहावं, काय खावं, काय नेसावं, याबद्दल स्मृतींमध्ये वाचवणार नाही इतकं कठोर लिहिलेलं आहे, आणि आपल्या समाजानं ते त्याहून कठोरपणे पाळलं. त्यामुळे हा श्लोक मी तुला पुरावा म्हणून दिला आहे, परवानगी म्हणून नाही. श्लोक नसता तरी माझं उत्तर हेच असतं. जिनं रात्री मशीनवर बसून दोन मुलींच्या फिया भरल्या, ती मुलीच्या लग्नात मागच्या खुर्चीवर बसणार असेल तर त्या मांडवात मंगल काय उरलं?

आणि हे म्हणणारी मी एकटी नाही. तुझ्या जवळच्याच कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं आमच्या गावात होणार नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. जे एका गावाला जमलं ते एका घराला जमायला हवं. हळद कुटायला पाच सुवासिनी बोलावतात, त्या पाचांत पहिला हात आईचा असू दे. ओटीही तिनंच भरावी. फक्त तिला आधी एकटीला विचार. सवयीनं तीच मागे सरकण्याचा संभव आहे. ‘मी पुढे आले आणि कुणी काही बोललं तर?’ ही भीती तिच्या मनात काकांपेक्षाही खोल असू शकते. तेव्हा त्या दिवशी तिच्या शेजारी कोण उभं राहील हे आजच ठरव. मावशी असेल, शेजारच्या काकू असतील. तिच्या हाताला धरून पुढे आणणारं माणूस हवं.

आता कन्यादानाकडे येते, कारण इथे तू आणि आई समोरासमोर आला आहात आणि दोघींचंही बरोबर आहे.

तुझा आक्षेप रास्त आहे. या विधीच्या संकल्पात वडील म्हणतात की मी हे दान आधीच्या बारा आणि पुढच्या बारा पिढ्या पवित्र व्हाव्यात म्हणून करतो. म्हणजे पुण्य देणाऱ्याचं, आणि मुलगी ते पुण्य मिळवण्याचं साधन. आज शिकलेल्या मुलीला हे खुपणारच. पण हा विधी कशाच्या विरोधात उभा राहिला, तेही समजून घे. जुन्या ग्रंथांत विवाहाचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या आसुर विवाहात मुलीच्या बापाला पैसे मोजून मुलगी न्यायची. मनुस्मृतीत तर बजावलं आहे, की जाणत्या बापानं मुलीबद्दल थोडंसुद्धा शुल्क घेऊ नये, घेतलं तर तो अपत्य विकणारा ठरतो. त्या विक्रीच्या समोर ब्राह्म विवाह आला: सालंकृत मुलगी पाणी सोडून द्यायची, बदल्यात काही घ्यायचं नाही. त्या काळात ते एक पाऊल पुढेच होतं. पुढे मीमांसकांच्या, म्हणजे वेदातल्या विधींचा अर्थ लावणाऱ्यांच्या, परंपरेतल्या पंडितांनी यावर वाद घातला. जे आपल्या मालकीचं आहे तेच दान करता येतं आणि अपत्यावर कुणाची मालकी नसते, तेव्हा हे दान खऱ्या अर्थानं दान नव्हे, असं म्हणणारे त्यांच्यात होते. तुला आज जे वाटतं ते शेकडो वर्षांपूर्वी संस्कृतात मांडून झालेलं आहे. मला याचा फार आनंद वाटतो.

शिवाय त्या आठांतच गांधर्व विवाहही आहे. त्यात दोघं आपसांत ठरवून एकत्र येतात, देणारा कुणीच नसतो.

कन्यादान गाळलं तर लग्न अपुरं राहील का? कायद्यानं नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ यातल्या कलम ७ प्रमाणे वधू किंवा वर यांच्यापैकी एका पक्षाच्या रूढीतले विधी व्हावे लागतात, आणि त्यात सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. कन्यादानाचा त्यात उल्लेख नाही. मार्च २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं हेच सांगितलं, की हिंदू विवाहासाठी कन्यादान अत्यावश्यक नाही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं दुसरी बाजूही स्पष्ट केली: विधी न करता नुसतं नोंदणीचं प्रमाणपत्र मिळवलं तर या कायद्याखाली ते लग्न ठरत नाही. म्हणून तुमच्याकडे सप्तपदीची रूढी असेल तर ती गाळू नका, आणि लग्नानंतर नोंदणीही लगेच करून घ्या. सासूबाईंना ‘विधिवत’ म्हणजे जे हवं आहे त्याचा गाभा सप्तपदीतच आहे, हे त्यांनाही सांगता येईल.

आणि हे सगळं बाजूला ठेवून लग्न लावायची वाटही महाराष्ट्रात जुनी आहे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात पहिलं सत्यशोधक लग्न लावलं, भटजीशिवाय. जोतीरावांनी त्यासाठी नव्या मंगलाष्टका रचल्या. त्यात वधू आणि वर एकमेकांना उद्देशून बोलतात, आणि वधू स्त्रियांच्या हक्कांचं वचन मागते. दीडशे वर्षांपूर्वी मांडवात नवरी बोलत होती. तुला ती पद्धत हवी असेल तर आजही तशी लग्नं होतात.

तरीही माझा सल्ला असा आहे, की या एका बाबतीत आईचं ऐक. तू तो विधी नाकारतेस कारण त्यात बाप मुलीला देऊन टाकतो. आईच्या डोळ्यांसमोर तेच चित्र आहे असं मला वाटत नाही. सहा वर्षं तिला प्रत्येक शुभकार्यात मागे ठेवलं गेलं असणार. वास्तुशांत, बारसं, हळदीकुंकू, सगळीकडे. लेकीचा हात आपल्या हातानं पुढे करणं ही तिच्यासाठी पुन्हा माणसांत येण्याची जागा आहे. तू कन्यादान रद्द केलंस तर काकांचा प्रश्न सुटतो, पण आई तिथेच राहते. आणि विधी तुमच्या पद्धतीनं बदलता येतो. संकल्पातला पिढ्यांचा भाग गाळायला गुरुजींना सांग. त्याऐवजी आईनं मराठीत दोन वाक्यं बोलावीत, तिला हवी ती. त्या वेळी वराकडून एक वचन घेतात, की धर्मात, अर्थात आणि कामात मी हिला डावलून वागणार नाही. तो म्हणतो, ‘नातिचरामि’. ते वचन तूही त्याला दे. दोघांनी म्हटलं की ते दान कमी आणि करार जास्त होतं, आणि तुझ्या मनातली बोच बरीच बोथट होईल.

उरलेल्या विधींबद्दल लिहायचं तर पुस्तक होईल, म्हणून मला ज्यांत जीव दिसतो तेवढेच सांगते.

गृह्यसूत्रं म्हणजे घरातल्या संस्कारांचे विधी सांगणारे जुने ग्रंथ. त्यातल्या आश्वलायन गृह्यसूत्रात विवाहाचं प्रकरण सुरू होतानाच म्हटलं आहे, की देशोदेशीच्या आणि गावोगावच्या रीती निरनिराळ्या आहेत, लग्नात त्या पाळाव्यात. सगळीकडे समान आहे तेवढंच आम्ही सांगतो. दुसरा सूत्रकार आपस्तंब, त्यानं तर लग्नातल्या रीती बायकांकडून समजून घ्याव्यात असं लिहून ठेवलं आहे. म्हणजे ‘आमच्यात असंच असतं’ या वाक्याचा अंतिम अधिकार मांडवातल्या बायकांकडे आहे, आणि तुझ्या मांडवात तुझी आईही बाईच आहे.

सीमांतपूजन म्हणजे वऱ्हाड गावाच्या शिवेवर आलं की तिथे जाऊन वराचं स्वागत करायचं. शीव आता राहिली नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी कार्यालयातच होतं. त्यातलं नवऱ्या मुलाचं आणि त्याच्या घरच्यांचं आगतस्वागत ठेवा. विहिणीचे पाय धुण्याची रीत कुणी काढलीच तर ती सोडा. इथे सासूबाईंशी तू बोलू नकोस, तुझ्या होणाऱ्या नवऱ्यानं बोलावं. आपल्या आईशी बोलणं त्याचं काम आहे.

अंतरपाटाचा संबंध वेळेशी आहे. घड्याळं नव्हती तेव्हा घंगाळातल्या पाण्यात तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी तरंगत ठेवत. ती भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. मुहूर्ताचा क्षण येईपर्यंत वधूवरांनी एकमेकांकडे बघायचं नाही, म्हणून मध्ये पडदा. तोवर मंगलाष्टका म्हणत राहायच्या आणि ‘सावधान’ म्हणून सगळ्यांचं लक्ष त्या क्षणाकडे खेचायचं. आता मंगलाष्टका लांबतात, मुहूर्त टळतो आणि कुणाला काही वाटत नाही. माझं मत विचारशील तर मंगलाष्टका मोजक्या ठेवा. एक तरी आईनं किंवा बहिणीनं म्हणावी. अक्षतांचे तांदूळ पायदळी जातात ते मला पाहवत नाही, फुलांच्या पाकळ्या वाटा.

मंगळसूत्राबद्दल बहुतेकांना वाटतं की ते वेदकाळापासून आहे. गृह्यसूत्रांतल्या विवाहविधीत ते नाही. तिथे आहे ते पाणिग्रहण, हात हातात घेणं. ‘गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तम्’ हा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या विवाहसूक्तातला मंत्र तेव्हा म्हणतात: सौभाग्यासाठी मी तुझा हात धरतो, माझ्यासोबत तू म्हातारी हो. मंगळसूत्र घालायचं की नाही हे तू ठरव, पण या मंत्राचा अर्थ गुरुजींना मोठ्यानं सांगायला लाव. तो हळू आवाजात, फोटोग्राफरच्या सूचनांत वाहून जातो.

सप्तपदीत तांदळाच्या सात राशींवरून पावलं टाकतात. पहिलं अन्नासाठी, दुसरं बळासाठी, मग समृद्धी, सुख, संतती, सगळे ऋतू, आणि सातव्या पावलाला ‘सखा सप्तपदी भव’: सात पावलं झाली, आता माझी सखी हो. सगळा प्रवास येऊन थांबतो तो मैत्रीपाशी. हे मंत्र वरानं वधूला उद्देशून म्हणायचे आहेत. तुम्ही प्रत्येक पाऊल आधी एकानं, मग दुसऱ्यानं मराठीत म्हणा. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीच्या विवाहसंस्कारात मंत्रांचा अर्थ मराठीत सांगून, वधूवरांना कळेल अशा रीतीनं लग्न लावतात, आणि तिथे स्त्रिया पौरोहित्य करतात. तुमचे नेहमीचे गुरुजी आईला बसू देणार नसतील, तर असं दुसरं कुणी शोधायला अजून वेळ आहे. पण आधी त्यांना घरी बोलावून विचार. पुष्कळ गुरुजी यजमान सांगेल तसं करतात. नकार बहुधा यजमानाच्याच घरातून येतो.

कानपिळी. लाजाहोमात वधूच्या ओंजळीत तिचा भाऊ साळीच्या लाह्या घालतो आणि ती त्या अग्नीत सोडते. त्याच सुमाराला तो नवऱ्या मुलाचा कान पिळतो: बहिणीला नीट सांभाळ, मागे मी आहे. कान पिळणं ही आपल्याकडची गंमत आहे, लाह्या घालणं सूत्रातलं. आणि आश्वलायनानं तिथेच सोय करून ठेवली आहे, भाऊ किंवा भावाच्या जागी असलेलं कुणी. तुझ्या मागे उभं राहणारं माणूस तुझी बहीण आहे. लाह्या तिनं घालाव्यात, कानही तिनंच पिळावा, आणि कानपिळीचा मान म्हणून जे काही द्यायचं ते तिलाच मिळावं.

शेवटी शेवटी झाल होते. वेळूच्या टोपलीत दिवे लावून ती सासरच्या एकेकाच्या डोक्यावर टेकवतात आणि मुलीला सांभाळा म्हणून विनवतात. हा विधी पाहताना घशाशी येतं, आणि त्यातली लाचारी नकोशीही वाटते. तुमच्याकडे एक बदल करून बघा. टोपली आधी सासू-सासऱ्यांच्या डोक्यावर, मग त्यांनी ती उचलून तुझ्या आईच्या डोक्यावर ठेवावी आणि आमचाही मुलगा सांभाळा म्हणावं. तू सासरी गेल्यावर घरात आई आणि बहीण दोघीच राहणार. जावयानं त्या घराकडे लक्ष द्यायचं आहे, हे सगळ्यांसमोर बोललं गेलेलं बरं.

नाव बदलण्याची सक्ती कोणत्याही कायद्यात नाही, तेवढं लक्षात ठेव.

राहिले काका. त्यांच्यावर श्लोक फेकू नकोस. त्यांचाही भाऊ गेलेला आहे, आणि ‘पुतणीचं कन्यादान मी करीन’ या म्हणण्यात कर्तव्याची भावना असणारच. आईला घेऊन त्यांच्या घरी जा, आईलाच बोलू दे: ‘भावजी, हे मला करायचं आहे, तुम्ही माझ्या पाठीशी उभे राहा.’ मग त्यांच्यासाठी खरीखुरी कामं काढ. सीमांतपूजनाचं यजमानपण काका-काकूंनी करावं, व्याहीभेटीला काकांनी पुढे व्हावं. एवढ्यावरही ते रुसले तर रुसू देत. तारीख जवळ आली की येतात माणसं. आईच्या जागेवर मात्र तडजोड करू नकोस, कुणी कितीही मोठं मध्यस्थीला आलं तरी.

हे सगळं पत्रिका छापायच्या आधी व्हायला हवं, कारण पुढचे वाद पत्रिकेवरूनच सुरू होतात. निमंत्रक म्हणून आईचं नाव पहिलं घाल, एकटीचं. बाबांचं नाव तुझ्या नावापुढे ‘कै.’ लिहून येईलच. काका-काकूंची नावं स्वागतोत्सुक म्हणून ठळक असू देत. कच्चा मजकूर आधी आईला वाचून दाखव, मग काकांना, आणि त्यानंतरच छापखान्यात दे.

तुझी,
ताई